उर्फ

नगर रचना कार्यालय, सांगली. दुसरा मजला.
दोन गावनकाशे टेबलावर शेजारी ठेवले
आणि कडा जुळेनात.
कणेरवाडीचा कागद जिथं संपतो
तिथून बोरमळीचा सुरू व्हायला हवा,
मध्ये अर्धा सेंटिमीटर काहीच नाही.
एका कागदावर बेलओढा, शिवेपाशी येऊन थांबलेला.
दुसऱ्यावर खारओढा, शिवेपासून निघालेला,
जणू कुणी तिथं बादली उपडी केली.

साहेब म्हणाले, दोन ओढे आहेत, दोन दाखवा,
मधली जागा पिवळी करा.
पिवळा म्हणजे रहिवास.
मी नवीन होते. केली.

हरकतींच्या सुनावणीला एकशे सतरा अर्ज.
बहुतेक रस्त्याबद्दल: माझ्या बांधावरनं नको,
शेजाऱ्याच्या चालेल.
जिनगोंडा मगदूम यांनी अर्ज आणला नव्हता.
काठी आणली होती, तिला चाकूनं पाडलेल्या खाचा.
"ही बोरमळीच्या बांधावर. आन् ही तुमच्या पिवळ्यात,
एकोणीसच्या पुराला."
पिवळ्यातली खाच हातभर वर होती.
टंकलेखकानं विचारलं, आवक क्रमांक कशावर टाकू?
शेवटी काठीवरच टाकला.
बॉलपेन सरकत होतं, तीनदा गिरवावा लागला.

पुण्याहून उपसंचालक लोखंडे बाई आल्या.
कागदावरचा अर्धा सेंटिमीटर
जमिनीवर चाळीस मीटर भरतो.
तेवढं चालायला आम्हाला सव्वा तास लागला,
कारण तिथं मंगल कार्यालय आहे
आणि त्या दिवशी हळद होती.
मागं, आचारी चुली मांडतात तिथं,
सिमेंटचा पाइप. तोंडाशी पत्रावळ्या, एक फेटा.
जिनगोंडा वाकले आणि पाइपात हाक मारली.
पलीकडून, बोरमळीच्या अंगानं,
शेरडं राखणाऱ्या पोरानं ओ दिली.
लोखंडे बाईंनी जीपीएस बंद करून पिशवीत टाकला.
"एकच आहे," म्हणाल्या.

दोन्ही पंचायतींची संयुक्त सभा.
ओढा एक, यावर दहा मिनिटांत एकमत.
नावावर तीन तास.
कणेरवाडीचं म्हणणं, उगम आमच्यात, बेल आमच्यात.
बोरमळीचं, खारट झालंय ते आमच्या रानात,
तुम्ही फक्त पाठवता.
कुणीतरी चहा सांगितला, तो येईपर्यंत
जुनं एक सोयरीक मोडल्याचं प्रकरण निघालं.
मग शैनाज मुजावर उठल्या, बोरमळीच्या सरपंच:
"नाव तुमचंच लावा.
खणायला मात्र आमच्या बाजूनं घ्यायचं.
क्षारपड आमची हाय, ती नावानं उतरत न्हाई."

ठराव झाला. ओढ्याच्या दोन्ही काठांनी प्लॉट नाहीत,
वाढायचं ते माळाकडे, जिथं पीक तसंही येत नाही.
मंगल कार्यालयाच्या धनपाल चौगुल्यांना
जमिनीच्या बदल्यात विकास हक्काचा कागद.
तो त्यांनी गल्ल्यात ठेवलाय, पंचांगाखाली,
आणि अजून माझा नमस्कार घेत नाहीत.

शासनाच्या नमुन्यात नावाला रकाना एकच.
मी लिहिलं: बेलओढा उर्फ खारओढा,
सातबाऱ्यावर माणसाचं लिहितात तसं,
घरचं एक आणि शाळेतलं एक.

फाइल मुंबईला जाऊन चौदा महिने झाले.
दोनदा परत आली, दोन्ही वेळा तोच शेरा:
उर्फ म्हणजे काय, खुलासा सादर करावा.
दोनदा सादर केला.
दरम्यान पंचायतींनी पाइप काढला,
मंजुरीच्या आधी काढला,
हे खरं तर मी इथं लिहायला नको होतं.
परवा गेले तर चरात गुडघाभर पाणी
आणि चार म्हशी,
कुठल्या गावच्या ते विचारलं नाही.

माझ्या टेबलावर ते चाळीस मीटर अजून पिवळेच.
जिनगोंडांनी काठी परत मागितलीय,
यंदाची खाच पाडायचीय म्हणे, बरीच खाली.
काठी कपाटामागं आहे. द्यायला हरकत नाही.
फक्त टंकलेखक विचारतोय,
जावक क्रमांक कशावर टाकू?